करारावर सही नाही, मग भारत मिथेनचं करतो काय?

प्रश्न थोडक्यात असा: २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन (हवा तापवणारा वायू, बायोगॅसमध्ये मुख्यतः हाच असतो) ३० टक्क्यांनी घटवण्याचा जो जागतिक संकल्प झाला, त्यावर भारताने सही केली नाही. मग मिथेनच्या बाबतीत देश नेमकं काय करतो? काही करतो, की नुसते हात झटकतो?

मी केमिकल इंजिनिअर. गेली सव्वीस वर्षं बायोगॅस, सांडपाणी आणि ओला कचरा या तिघांच्या वासात काढली. त्यामुळे दिल्लीतल्या धोरणाबद्दल बोलणार असलो तरी माझी मोजपट्टी प्लांटवरच्या गॅस मीटरची आहे. त्या मोजपट्टीने पाहिलं तर देश बरंच काही करतो, पण त्यातलं बहुतेक मिथेनसाठी म्हणून करत नाही. पाणी वाचावं, दूध वाढावं, गॅसची आयात कमी व्हावी, गाव स्वच्छ दिसावं, अशा हेतूंनी योजना निघतात आणि त्यात मिथेन जाता जाता कमी होतो. आणि जिथे तो कुणाच्या पोटावर पाय न देता चार-पाच वर्षांत घटवता येईल, नेमके तिथेच आपण सगळ्यात ढिले आहोत. ती जागा म्हणजे शहरांचा ओला कचरा. तिकडे सावकाश येतो.

आधी सहीचं. संकल्पाचा मजकूर साधा आहे. जगाचा मानवनिर्मित मिथेन २०२० च्या पातळीपेक्षा २०३० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करायचा. अमेरिका आणि युरोपीय संघाने पुढाकार घेतला, पुढे दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारत, चीन आणि रशिया बाहेर राहिले. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने संसदेत त्याची कारणं दिली आहेत. पहिलं, तापमानवाढीचा मुख्य गुन्हेगार शतकानुशतकं हवेत साचून राहणारा कार्बन डायऑक्साइड आहे. मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो, त्यामुळे हा संकल्प म्हणजे ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ढकलणं आहे. दुसरं, आपला मिथेन मुख्यतः गुरांच्या रवंथातून आणि भातखाचरांतून येतो, आणि त्यामागे एक-दोन एकरवाले शेतकरी आहेत. त्यांचं जगणं आणि कुणाची चैन एकाच तराजूत तोलता येणार नाही.

दुसरं कारण मला पूर्ण पटतं. पहिलं अर्धंच पटतं. मिथेन लवकर विरतो हे खरं, पण हवेत असेपर्यंत तो कार्बन डायऑक्साइडच्या किती तरी पट उष्णता धरतो: वीस वर्षांचा हिशेब केला तर वजनाला वजन ऐंशी पटींच्या आसपास, शंभर वर्षांचा केला तर सत्तावीस-अठ्ठावीस पट. लवकर विरतो म्हणूनच त्याची गळती आज बंद केली तर फरक आपल्याच हयातीत दिसतो. कोळसा जाळणं आज थांबवलं तरी आधीचा साठा वरच राहतो. मिथेनचं तसं नाही. तेव्हा 'तो काय, विरूनच जातो' हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

आता आकडे. भारताने संयुक्त राष्ट्रांना २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात २०१६ सालाचा हिशेब आहे. त्या वर्षी मिथेन ४०.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा होता (त्या अहवालात मिथेन जुन्या मापाने २१ पट धरला आहे). प्रत्यक्ष मिथेन म्हणाल तर दोन कोटी टनांच्या किंचित खाली. त्यातला जवळपास ७४ टक्के शेती आणि पशुपालनातला, १४ टक्क्यांच्या थोडा वर कचरा व सांडपाण्यातला, साडेदहा टक्के ऊर्जेतला, म्हणजे कोळशाच्या खाणी, तेल-वायू वगैरे. उरलेला टक्काभर उद्योगांचा. डिसेंबर २०२४ मध्ये पुढचा अहवाल गेला, त्यात २०२० सालच्या देशाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये मिथेनचा वाटा १३.३२ टक्के दाखवला आहे.

सरकारी आकडे म्हटले की लोक नाक मुरडतात, मीही मुरडतो. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१७ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी विमानातून, जमिनीवरून आणि उपग्रहातून हवेतला मिथेन मोजला आणि त्यावरून मागे जात भारतातून किती निघाला असेल याचा हिशेब मांडला. २०१० ते २०१५ या काळात वर्षाला सुमारे २.२ कोटी टन, आणि त्यात म्हणण्यासारखी वाढ नाही, असं त्यांना दिसलं. भारताने स्वतः दिलेल्या आकड्यांशी ते जुळत होतं. उलट काही नावाजलेले आंतरराष्ट्रीय हिशेबच फुगलेले निघाले. म्हणजे देशाची बेरीज साधारण बरोबर आहे. आतले सगळे रकाने बरोबर आहेत का, हा वेगळा प्रश्न, आणि कचऱ्याच्या रकान्याबद्दल मला शंका आहे.

सर्वांत मोठा वाटा गुरांचा. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात चारा आंबतो, तिथले सूक्ष्मजीव हायड्रोजनपासून मिथेन बनवतात आणि तो मुख्यतः ढेकरेतून, तोंडावाटे बाहेर पडतो. (शेपटीकडून पडतो असं समजून विनोद करणाऱ्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.) चाऱ्यातल्या ऊर्जेचा पाच-सहा टक्के भाग असा हवेत जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वाया गेलेला चाराच. नुसता कडबा आणि पेंढा खाणारं जनावर एक लिटर दुधामागे जास्त मिथेन सोडतं, कारण दूध थोडं आणि आंबवण जास्त.

म्हणून भारताचा मार्ग गुरं कमी करण्याचा नाही, तसा तो असूही शकत नाही. मार्ग आहे लिटरमागे मिथेन कमी करण्याचा. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने २०११-१२ पासून समतोल पशुआहाराचा कार्यक्रम राबवला. गावातलाच एक प्रशिक्षित माणूस जनावराच्या कानातला बिल्ला नोंदवतो, वजन आणि दूध मोजतो, घरात कोणता चारा आणि कोणती पेंड आहे ते विचारतो, आणि संगणक त्यावरून सांगतो की ओला चारा इतका, सुका इतका, खनिज मिश्रण इतकं. अठ्ठावीस लाखांच्या आसपास जनावरं त्याखाली आली. खर्च घटला, दूध थोडं वाढलं आणि लिटरमागचा मिथेन दहा टक्क्यांहून जास्त उतरला. माझ्या मते देशातलं मिथेनविरोधी सर्वांत शहाणपणाचं काम हे आहे, आणि त्यात 'मिथेन' हा शब्द शेतकऱ्याला एकदाही ऐकावा लागत नाही. खंत एवढीच की एवढ्या मोठ्या पशुधनात अठ्ठावीस लाख म्हणजे शंभरात एक.

त्याच्या जोडीला भारतीय कृषी संशोधन परिषदेने 'हरित धारा' नावाचं खाद्यपूरक काढलं आहे. टॅनिनयुक्त वनस्पतींपासून केलेलं, मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी करतं असा त्यांचा दावा आहे. चांगली गोष्ट आहे. पण दूध संघाच्या दुकानात ते पोतं सरकीच्या पेंडीशेजारी उभं राहून स्वतःच्या किमतीवर विकलं जाईल, तेव्हा मी त्याला योजना म्हणेन. राष्ट्रीय गोकुळ मिशन, लिंगनिश्चित वीर्यमात्रा (जिच्यातून बहुतेक कालवडीच होतात), जातिवंत पैदास या सगळ्यांचाही परिणाम शेवटी तिकडेच जातो: कमी जनावरांत तेवढंच दूध. पण तो पिढ्यांचा हिशेब आहे.

भाताचं शास्त्र सोपं आहे. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन करणारे जिवाणू कामाला लागतात. अधूनमधून पाणी उतरू दिलं तर ते मरगळतात. छिद्रं पाडलेला पाइप जमिनीत रोवून पातळी पंधरा सेंटीमीटर खाली गेली की पुन्हा पाणी द्यायचं, या पद्धतीने मिथेन तीस ते पन्नास टक्के घटतो. (नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण एकूण हिशेब फायद्याचाच.) पंजाबने २०२२ पासून थेट पेरणीच्या भातासाठी एकरी १५०० रुपये दिले, हरियाणाने भात सोडून दुसरं पीक घेणाऱ्याला एकरी ७००० रुपये देऊ केले. कारण भूजल, मिथेन नव्हे. आणि जिथे पंपाला वीज फुकट आहे, तिथे पाणी मोजून द्यायला पाइप बघत कोण बसणार? एका हाताने फुकट वीज आणि दुसऱ्या हाताने पाणी वाचवण्याचं अनुदान, असा तो मामला आहे.

आपल्याकडे कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे हा पाइपवाला उपाय फारसा लागू पडत नाही. जुलैत खाचरातलं पाणी ना शेतकऱ्याच्या हातात असतं ना कृषी अधिकाऱ्याच्या. तिथे मला नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र जास्त जवळचं वाटतं. गादीवाफे करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, टोकणणी करायची, आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यावर न नांगरता पुन्हा पेरायचं. वाफ्याच्या मुळाशी हवा राहते, म्हणजे मिथेनचं कारखानदार जिवाणू उपाशी. शेतकरी ते स्वीकारतात कारण लावणीला माणसं मिळत नाहीत आणि कंबर मोडत नाही. तण मात्र बोकाळतं, आणि तणनाशकाचा खर्च येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात, २०२५ मध्ये, जनुक-संपादित 'कमला' वाण जाहीर झालं, ते नेहमीपेक्षा पंधरा-वीस दिवस आधी तयार होतं. खाचरात पाणी तितके दिवस कमी, म्हणून मिथेनही कमी. हे सगळं योग्य दिशेने आहे, पण कोट्यवधी हेक्टर भातात ते मुरायला वेळ लागणार आणि त्यात शेतकऱ्याला घाई करून उपयोग नाही.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याकडे येतो, आणि इथे थोडं कडू बोलणार आहे.

बायोगॅसचा इतिहास आपल्या मातीत खोल आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून गॅस बनवला गेल्याची नोंद आहे. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाला गोबर गॅस जोडला, तेव्हा लोक नाकाला पदर लावत होते. देहूच्या डॉ. सुहास मापुस्कर यांनी तेच काम आयुष्यभर केलं आणि मरणोत्तर पद्मश्री मिळवली. पुण्यात आनंद कर्व्यांच्या संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा घरगुती संच बनवला, भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी 'निसर्गऋण' उभा केला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला आणि आजवर देशात पन्नास लाखांच्या घरात कौटुंबिक संच बांधले गेले.

बांधले गेले, असं मी मुद्दाम लिहिलं. त्यातले किती चालू आहेत हे गावात जाऊन बघा. मी ज्या तालुक्यात कामाला सुरुवात केली तिथे पहिल्या वर्षी यादीतले चाळीस संच पाहिले, चुलीवर निळी ज्योत फक्त तेरा घरांत होती. बाकीच्यांचं कारण सगळीकडे तेच. बैल विकले, ट्रॅक्टर आला. मुलगा पुण्याला गेला, शेण कालवायला कोणी नाही. घुमटाला भेग पडली, गवंडी दुसऱ्या जिल्ह्यातला होता. मग उज्ज्वलाचं सिलिंडर आलं. अनुदान बांधण्याला होतं, चालवण्याला नव्हतं.

आणि आता एक गोष्ट, जी आमच्या धंद्यातली माणसं चारचौघांत बोलत नाहीत. शेणाचा बायोगॅस हा मिथेन कमी करण्याचा उपाय आहे असं सर्रास सांगतात. पण आपल्याकडे शेण पूर्वापार उन्हात वाळतं. गोवऱ्या थापल्या, शेतात पडलं, उकिरड्याच्या वरच्या थरात सुकलं. हवा लागलेल्या शेणातून मिथेन फार निघत नाही. देशाच्या २०१६ च्या हिशेबात शेतीतल्या हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून जास्त रवंथाचे आहेत, शेणाच्या व्यवस्थापनाचे सहा-सात टक्के. परदेशात, जिथे हजारो गाईंचं शेण पाण्याने वाहून मोठ्या तळ्यात साठवतात, तिथे डायजेस्टर, म्हणजे बंद टाकीत आंबवून गॅस काढणारा संच, लावला की प्रचंड मिथेन वाचतो. आपल्या गोवरीचं शेण डायजेस्टरमध्ये घातलं, तर आपण आधी नसलेला मिथेन तयार करतो. तो सगळा जळला तर उत्तम, कारण लाकूड वाचलं, धूर वाचला, शेताला स्लरी, म्हणजे उरलेलं पातळ खत, मिळालं. पण घुमटाला केसाएवढी भेग असेल, किंवा सकाळी गॅस जास्त झाला म्हणून कोणी व्हॉल्व्ह सोडून दिला, तर तेवढ्यापुरते आपण हवामानाचं नुकसान केलं. मी साबणाचा फेस घेऊन जॉइंट तपासत फिरायचो आणि लोक हसायचे. बुडबुडा आला की हसणं थांबायचं.

म्हणून शेण आणि कचऱ्यापासून गॅस करण्याच्या गोबरधन योजनेकडे मी दोन डोळ्यांनी बघतो. ती २०१८ मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातून निघाली. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ५०० नवे प्रकल्प आणि १०,००० कोटींची गुंतवणूक जाहीर झाली. त्यात २०० दाबयुक्त बायोगॅसचे, म्हणजे गॅस शुद्ध करून सीएनजीसारखा दाबून भरणारे. या घोषणेच्या आधीच पेट्रोलियम मंत्रालयाची 'सतत' योजना १ ऑक्टोबर २०१८ ला आली होती, पाच हजार प्लांट आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस हे तिचं स्वप्न. प्रत्यक्षात दाबयुक्त बायोगॅसचे चालू प्लांट शे-दीडशेच्या घरात आहेत. हे आकडे शेजारी ठेवले की अधिक बोलायची गरज राहत नाही. मात्र सरकार शिकलं, हे मान्य करायला हवं. २०२३ मध्ये दोन महत्त्वाचे निर्णय झाले. प्लांटमधून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्य, आणि शहरी गॅस कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये हा बायोगॅस मिसळण्याची सक्ती: २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. या दोन्ही गोष्टी प्लांट बांधणाऱ्याला नव्हे, तर चालवणाऱ्याला पैसे देतात. गेली चाळीस वर्षं नेमकं हेच करायचं राहून गेलं होतं. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर (रस गाळून उरलेला गाळ) आणि आसवनीच्या स्पेंटवॉशवर (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) याचा खरा फायदा दिसेल. स्पेंटवॉश उघड्या तळ्यात पडला की तो बुडबुडत राहतो. तिथे अडवलेला प्रत्येक घनमीटर हा खरोखर वाचवलेला मिथेन आहे.

आणि आता कचरा. शेणाची गोष्ट इथे बरोबर उलटी होते. ओला कचरा डम्पिंग ग्राउंडवर थरांवर थर पडला की आत हवा जात नाही, तापमान वाढतं आणि तो वर्षानुवर्षं मिथेन सोडतो. तोच कचरा त्याच दिवशी डायजेस्टरमध्ये किंवा नुसता हवेशीर कंपोस्टच्या ढिगात गेला, तर वाचणारा मिथेन खराखुरा असतो. आणि इथे कोणा शेतकऱ्याच्या उपजीविकेची ढाल पुढे करता येत नाही. सही न करण्याची जी कारणं भारताने दिली, त्यातलं एकही कचऱ्याला लागू नाही.

२०२२ मध्ये नेदरलँड्सच्या अंतराळ संशोधन संस्थेतल्या लोकांनी दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांकडे उपग्रहातून पाहिलं. तिथल्या कचराभूमींतून ताशी ३ ते २९ टन मिथेन निघत होता, मुंबईतल्या एका ठिकाणचा आकडा ताशी १० टनांच्या जवळ होता. या शहरांचा एकूण मिथेन नेहमीच्या हिशेबांपेक्षा दीड ते अडीच पट निघाला. कचऱ्याच्या रकान्याबद्दल शंका म्हणालो ती यामुळे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. अशा आगी कोणी लावतो की आपोआप लागतात यावर चौकश्या होतात. आतून गॅस येत नसता तर ती आठवडाभर धुमसली नसती, एवढं मी सांगू शकतो.

धोरण कागदावर ठीक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं की वर्गीकरण घरातच व्हावं आणि कचराभूमीत फक्त उपयोग न होणारा, न कुजणारा माल जावा. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या स्वच्छ भारत शहरी अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुने डोंगर उपसायचे ठरले, देशभर सुमारे १५,००० एकर आणि १६ कोटी टन. पण या उपसून-चाळून काढण्यात, म्हणजे बायोमायनिंगमध्ये, एक गंमत आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कचऱ्यातला बहुतेक मिथेन केव्हाच उडून गेलेला असतो. डोंगर उपसला की जमीन मोकळी होते, आगी थांबतात, खालच्या विहिरींचं पाणी सुधारतं. हे सगळं हवंच आहे. मिथेन मात्र काल आणि आज टाकलेल्या कचऱ्यात आहे, आणि तो शेजारच्याच कोपऱ्यात नव्याने पडत असतो. फोटो डोंगर हटवल्याचे येतात, म्हणून पैसा तिकडे जातो.

इंदूरचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्लांट सुरू झाला, त्यातून १७,००० किलो गॅस मिळावा अशी रचना आहे. म्हणजे टनामागे तीस किलोच्या आसपास. यंत्रसामग्रीत जादू काही नाही, ती पैसे टाकून कोणालाही मिळते. इंदूरने आधी काही वर्षं घराघरांतून वेगळा कचरा गोळा करण्याची शिस्त लावली आणि मग प्लांट उभा केला. ओला कचरा इतका स्वच्छ येतो की चालवणारी कंपनी उलट महापालिकेला पैसे देते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे: आधी प्लांटचं उद्घाटन, वर्गीकरणाची मोहीम पुढच्या आयुक्तांच्या काळात.

एका महापालिकेचा रोज पाच टनांचा प्लांट मी दीड वर्ष सांभाळला. नाव सांगत नाही, कारण त्या जागी राज्यातली पाच-सहा नावं टाकली तरी चालतील. पहिल्या महिन्यात पाच टनांऐवजी दोन टन आले, आणि त्यात नारळाच्या करवंट्या, उसाचं चिपाड, ब्लेड, पिशव्यांत गाठ मारून बांधलेलं बरंच काही. क्रशरची पाती दर पंधरा दिवसांनी. हायड्रोजन सल्फाइड काढायचा स्क्रबर टेंडरमधून वगळला होता, त्यामुळे जनरेटरचं इंजिन आठ महिन्यांत गंजून बसलं. इंजिन बंद, पण डायजेस्टर काही बंद होत नाही, आतले जिवाणू कामगार संघटनेचे सभासद नसतात. गॅस साठवायचा फुगा भरला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा. जादा गॅस जाळायला फ्लेअर होता, पण त्याची पायलट ज्योत पेटवायला सिलिंडर लागायचं आणि सिलिंडरचं बिल कोणत्या लेखाशीर्षात टाकायचं यावर फाइल अडली होती. चार महिने तो मिथेन सरळ आकाशात गेला. कागदोपत्री मात्र प्लांट 'कार्यान्वित' होता, आणि देशाच्या कुठल्या तरी बेरजेत त्याने मिथेन कमी केल्याची नोंदही झाली असेल.

कोळसा आणि तेलाबद्दल थोडक्यात. आपल्या खाणी वायूच्या प्रमाणावरून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दर्जाच्या मानतात, आणि आजचा बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून येतो, जिथे टनामागे मिथेन कमी असतो. कोळशाच्या थरातला मिथेन काढण्याचं धोरण १९९७ चं आहे, राणीगंजला २००७ पासून व्यापारी उत्पादन सुरू आहे, धनबादजवळ मुनीडीह खाणीत मिथेनवर वीज करून दाखवली गेली. पण ते दाखवण्यापुरतंच राहिलं. तेलाच्या बाबतीत एक गमतीशीर विसंगती आहे. देशाने संकल्पावर सही केली नाही, पण २०२३ च्या दुबई परिषदेत तेल कंपन्यांच्या सनदेवर आपल्या ओएनजीसीने सही केली, जिच्यात २०३० पर्यंत विहिरीवरचा मिथेन शून्याच्या जवळ आणायचं कबूल केलं आहे. व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरची गळती थांबवणं हे मिथेन घटवण्याचं सगळ्यात स्वस्त काम, कारण वाचलेला गॅस विकता येतो.

मग पुरेसं आहे का? गुरं आणि भात इथे जेवढ्या वेगाने जातोय त्याहून फार वेगाने जाता येईल असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी सही न करणं मी समजू शकतो. पण कचरा, सांडपाणी आणि आसवनी यांसाठी देशाने स्वतःपुरतं वेगळं, टनांत मोजलेलं लक्ष्य ठेवायला काहीच हरकत नव्हती. शहरांत रोज ७२,००० दशलक्ष लिटरच्या वर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं त्यातलं २०,००० च्या थोडं वर, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा हिशेब आहे. उरलेलं नाल्यांत आणि तळ्यांत सडतं. आता देशी कार्बन क्रेडिटच्या बाजारात कचराभूमीतला गॅस पकडण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली आहे. क्रेडिट मोजलेल्या गॅसवर मिळतं, बांधलेल्या टाकीवर नाही. त्यामुळे मीटर बसतील अशी मला थोडी आशा आहे.

तुमच्या गावातल्या प्लांटचं खरं काय ते तपासायचं असेल तर माहिती अधिकारात तीनच नोंदी मागा: महिनाभरात आत गेलेला ओला कचरा किती टन, मीटरवर आलेला गॅस किती घनमीटर, आणि इंजिन किंवा फ्लेअर किती तास चालला. नीट वेगळा केलेला कचरा टनाला ८० ते १०० घनमीटर गॅस देतो. याच्या निम्माही नसेल तर कचरा मिसळलेला येतोय किंवा कुठे तरी गळतंय. गॅस भरपूर आणि तास शून्य असतील, तर दुपारी जाऊन फुग्यावरच्या व्हॉल्व्हजवळ उभे राहा. फुस्स असा आवाज येईल. काडी मात्र ओढू नका.